अलार्म गप्प राहिला कारण आकडाच आला नाही: बोटो३ने क्लाउडवॉच लावताना

प्रश्न मला समजला तो असा. अंधेरीतल्या ऑफिसातून तुम्ही तिघंजण हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स भरण्याचं ॲप चालवताय, सगळं एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये आहे, आणि क्लाउडवॉच या तिथल्या देखरेखीच्या सेवेतले अलार्म, स्वतःची मेट्रिक्स (वेळोवेळी नोंदलेले आकडे), शिवाय इव्हेंटचे रूल हे सगळं बोटो३ ही एडब्ल्यूएसची पायथॉन लायब्ररी वापरून स्क्रिप्टने तयार केलंय. रात्री एकला बँकेच्या जमा रकमेचं रिकन्सिलिएशन (ताळमेळ) करणारा जॉब एका रात्री चाललाच नाही आणि अलार्म काही वाजला नाही. उलट महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत मेसेजचा इतका मारा होतो की टीमने नोटिफिकेशनच म्यूट करून टाकली. आणि सकाळी नऊला सेक्रेटरींना जायचा रिपोर्ट दुपारी अडीचला जातोय.

अडीचचं आधी सांगतो, ते एका वाक्याचं काम आहे. इव्हेंटब्रिज ही इव्हेंट आला की किंवा ठरल्या वेळी काम सुरू करणारी एडब्ल्यूएसची सेवा, तिच्या रूलमधला क्रॉन (वेळापत्रकाची ओळ) यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत चालतो, तुम्ही नऊ लिहिलंत म्हणजे आपल्याकडचे दुपारचे अडीच. रूलच ठेवायचा असेल तर मिनिट ३० आणि तास ३ लिहा, म्हणजे "३० ३ * * ? *", पण माझं मत विचाराल तर वेळापत्रकाची कामं रूलमधून काढून इव्हेंटब्रिज शेड्युलरवर न्या, तो २०२२ मध्ये आला आणि त्यात टाइमझोन म्हणून एशिया/कोलकाता सरळ देता येतो, मग कोडमध्ये नऊ लिहिलं की नऊलाच चालतं आणि नवीन माणसाला साडेपाच तासांचं गणित डोक्यात ठेवावं लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमची स्क्रिप्ट मी नीट वाचली, आणि त्यात प्रत्येक अलार्मला थ्रेशोल्ड (मर्यादा) काय, स्टॅटिस्टिक (बेरीज, सरासरी वगैरे) काय, मेसेज कुठे पाठवायचा हे सगळं विचारपूर्वक दिलंय, पण आकडा आलाच नाही तर काय करायचं हे एकाही अलार्ममध्ये लिहिलेलं नाही. आणि मॉनिटरिंगमध्ये माझ्या मते सगळ्यात आधी ठरवायची गोष्ट हीच. बंद पडलेला जॉब एरर देत नाही. तो काहीच देत नाही. तुमचा अलार्म "फेल्ड काउंट शून्यापेक्षा जास्त" असा होता, जॉब चालला नाही म्हणून फेल्ड काउंटचा आकडाच गेला नाही, अलार्म इन्सफिशियंट डेटा स्टेटमध्ये गेला, आणि त्या स्टेटसाठी तुम्ही कुठलीच ॲक्शन दिली नव्हती. क्लाउडवॉचने सांगितलं तेवढंच केलं.

अलार्म तयार करणाऱ्या पुट मेट्रिक अलार्म या कॉलमध्ये ट्रीट मिसिंग डेटा नावाचा पॅरामीटर असतो आणि त्याच्या चार किमती आहेत: मिसिंग, ब्रीचिंग, नॉट ब्रीचिंग आणि इग्नोर. काही दिलं नाही तर मिसिंग धरलं जातं, म्हणजे पुरेसा डेटा नसेल तर अलार्म इन्सफिशियंट डेटामध्ये. ब्रीचिंग म्हणजे आकडा नाही याचा अर्थ बिघाड झालाय असं धर. नॉट ब्रीचिंग म्हणजे आकडा नाही याचा अर्थ सगळं ठीक. इग्नोर म्हणजे आत्ता जी स्टेट आहे तीच चालू ठेव. यातली कुठली निवडायची ते त्या मेट्रिकच्या स्वभावावर ठरतं. लॅम्डाच्या (सर्व्हर न सांभाळता एकेक फंक्शन चालवणारी एडब्ल्यूएसची सेवा) एररची मेट्रिक फंक्शन चाललं तरच येते, रात्री तीनला कोणी वापरतच नसेल तर आकडा नसणं स्वाभाविक आहे, तिथे नॉट ब्रीचिंग. पण ठरलेल्या वेळी यायलाच हवा असा आकडा असेल तर तिथे ब्रीचिंगच पाहिजे, दुसरं काही नको.

म्हणून रिकन्सिलिएशनचा अलार्म उलटा लिहा. अपयश मोजू नका, यश मोजा. सोसायटीचा वॉचमन रात्री दर तासाला काठी आपटत फिरतो, काठीचा आवाज आला नाही की काहीतरी बिघडलंय हे कळतं, तसं जॉबने अगदी शेवटच्या ओळीत, डेटाबेसमध्ये कमिट झाल्यानंतर, "रिकन्सिलिएशन पूर्ण" या मेट्रिकला १ पाठवायचा. सुरुवातीला नाही, मधे नाही, ट्राय-फायनलीच्या फायनलीमध्ये तर अजिबात नाही, कारण तिथे टाकलात तर फेल झाला तरी १ जाईल. मग अलार्म असा: स्टॅटिस्टिक सम, पीरियड (एक आकडा किती वेळाचा) ३६०० सेकंद, इव्हॅल्युएशन पीरियड्स (असे किती आकडे बघायचे) २५, डेटापॉइंट्स टू अलार्म (त्यातले किती वाईट असले की वाजायचं) पण २५, कम्पॅरिझन लेस दॅन थ्रेशोल्ड, थ्रेशोल्ड १, आणि ट्रीट मिसिंग डेटा ब्रीचिंग. म्हणजे गेल्या २५ तासांत एकदाही यश नोंदलं गेलं नाही तर वाज. पीरियड किमान एक तासाचा असेल तर एकूण खिडकी सात दिवसांपर्यंत चालते, त्यापेक्षा लहान पीरियडला एकच दिवस, म्हणून इथे ३६०० घ्यायचं.

यात एक बारकावा आहे जो लोकांना उशिरा कळतो. क्लाउडवॉच तपासताना तुम्ही सांगितलेल्या पीरियड्सपेक्षा मागचे थोडे जास्त पीरियड आणून बघतं आणि त्यात सापडलेला खरा आकडा हिशोबात धरतं. त्यामुळे दिवसातून एकदाच येणाऱ्या आकड्यावरचा अलार्म तुमच्या गणितापेक्षा काही तास उशिरा वाजू शकतो. तुम्हाला रात्री दोनच्या ठोक्याला कळायला हवं असेल, कारण सकाळी लोक ऑफिसला निघायच्या आत जॉब परत चालवायचाय, तर शेड्युलरने रात्री दोनला एक छोटं लॅम्डा चालवा, त्याने डेटाबेसमध्ये आजची नोंद आहे का बघायचं आणि ० किंवा १ अशी मेट्रिक टाकायची. अलार्म त्याच्यावर. आणि हे तपासणारं लॅम्डाच मेलं तर? म्हणून वरचा २५ तासांचा अलार्म पण ठेवाच, तो कोणावर अवलंबून नाही.

इथून पुढे तुमच्या कोडबद्दल. तुमच्या यादीतले दोन अलार्म तयार झाल्यापासून इन्सफिशियंट डेटामध्येच पडलेत, तुम्ही लिहिलंय की मेट्रिक ग्राफमध्ये दिसते तरी असं का. कारण तुम्ही आकडे पाठवताना डायमेन्शन, म्हणजे मेट्रिकला लावायची नाव-किंमत अशी लेबलं, दोन दिलेत, एन्व्हायर्नमेंट आणि सर्व्हिस, आणि अलार्ममध्ये फक्त सर्व्हिस दिलंय. क्लाउडवॉचमध्ये डायमेन्शनचं प्रत्येक वेगळं कॉम्बिनेशन म्हणजे वेगळी मेट्रिक, स्वतःच्या मेट्रिक्सची बेरीज ते आपणहून करत नाही. अलार्म ज्या मेट्रिककडे बघतोय ती अस्तित्वातच नाही, आणि पुट मेट्रिक अलार्म हा कॉल ती आहे की नाही हे तपासत नाही, यशस्वी म्हणून परत येतो. कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक असला तरी तेच. युनिट पण काढून टाका अलार्ममधून, आकडा काउंट म्हणून गेला आणि अलार्ममध्ये नन लिहिलं तर जुळत नाही आणि हाच प्रकार होतो. मी स्वतः अलार्म बनवणाऱ्या फंक्शनच्या आधी लिस्ट मेट्रिक्सचा कॉल ठेवतो, तेच नेमस्पेस, तेच नाव, तेच डायमेन्शन, आणि परत आलेल्या मेट्रिकचे डायमेन्शन हुबेहूब तेवढेच नसतील तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. हुबेहूब म्हणतोय कारण लिस्ट मेट्रिक्स हा फिल्टर आहे, एकट्या सर्व्हिसवर शोधलंत तरी तो दोन डायमेन्शनवाली मेट्रिक दाखवेल. फक्त लक्षात ठेवा की अगदी नवीन मेट्रिक लिस्टमध्ये यायला पंधरा मिनिटं लागू शकतात आणि दोन आठवड्यांत आकडा आला नसेल तर ती लिस्टमध्ये दिसतच नाही.

वेळेचा घोळ पण तपासा. तुम्ही टाइमस्टॅम्प म्हणून डेटटाइम ऑब्जेक्ट टाइमझोनशिवाय पाठवताय. लॅपटॉपवर आपली वेळ, सर्व्हरवर यूटीसी, अशा ठिकाणी उघडी वेळ पाठवली की तिचा अर्थ कसा लागेल हे तुमच्या हातात राहत नाही. आपली घड्याळी वेळ यूटीसी समजली गेली तर आकडा साडेपाच तास पुढचा ठरतो आणि क्लाउडवॉच दोन तासांपेक्षा जास्त भविष्यातला आकडा घेतच नाही. उलटं झालं तर आणखी वाईट, कारण मागचे दोन आठवडे चालतात, आकडा निमूटपणे साडेपाच तास मागे जाऊन बसतो आणि आत्ताच्या पाच मिनिटांकडे बघणाऱ्या अलार्मला तो कधीच दिसत नाही. डेटटाइम डॉट नाऊला टाइमझोन यूटीसी द्या, किंवा टाइमस्टॅम्प पाठवूच नका, आकडा आत्ताचाच असेल तर क्लाउडवॉच स्वतः वेळ लावतं.

आता महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांतला मारा. तुमचा अलार्म "पाच मिनिटांत पेमेंट फेल्युअर २० पेक्षा जास्त" असा आहे. पंचवीस तारखेला दिवसभरात जेवढी पेमेंट होतात तेवढी पाच तारखेला रात्री जेवणानंतरच्या तासाभरात होत असतील, यूपीआयमध्ये लोकांचा पिन चुकतो, बॅलन्स नसतो, बँकेचा सर्व्हर हळू असतो, म्हणजे काहीही न बिघडता २० चा आकडा ओलांडला जाणार. संख्या नको, प्रमाण बघा. पुट मेट्रिक अलार्ममध्ये मेट्रिक नेम आणि स्टॅटिस्टिकऐवजी मेट्रिक्स नावाची यादी देता येते: एम१ फेल्युअर, एम२ एकूण प्रयत्न, आणि तिसरी एंट्री एक्स्प्रेशन, ज्यात एम२ पन्नासच्या वर असेल तर १०० गुणिले एम१ भागिले एम२, नाहीतर शून्य. रिटर्न डेटा फक्त एक्स्प्रेशनला ट्रू, बाकी दोघांना फॉल्स. पन्नासची अट यासाठी की पहाटे चारला तीन जणांनी प्रयत्न केला आणि दोघांचं फेल झालं तर ६६ टक्के दिसतं आणि कोणाला तरी उगाच उठवलं जातं. रिस्पॉन्स टाइमसाठी पी९९ (ज्या वेळेच्या आत ९९ टक्के रिक्वेस्ट पूर्ण होतात ती) वापरताय तिथेही हाच त्रास आहे, त्यासाठी इव्हॅल्युएट लो सॅम्पल काउंट पर्सेंटाइल हा पॅरामीटर इग्नोर ठेवा.

आणि एका डेटापॉइंटवर वाजवू नका. इव्हॅल्युएशन पीरियड्स ५, डेटापॉइंट्स टू अलार्म ३, म्हणजे शेवटच्या पाचपैकी तीन वाईट असले तर वाज. थ्रेशोल्ड काय ठेवायचा हे अंदाजाने ठरवू नका, गेट मेट्रिक डेटाने मागच्या दोन-तीन महिन्यांच्या पहिल्या दहा दिवसांचे आकडे काढून बघा. एक मिनिटाचे आकडे १५ दिवसच राहतात, पाच मिनिटांचे ६३ दिवस आणि तासाचे ४५५ दिवस, तेव्हा मागच्या महिन्यासाठी पीरियड ३०० मागा, ६० मागितलंत तर हाती काही लागणार नाही.

एपीआय, डेटाबेस आणि क्यू असे तिन्ही अलार्म एकदम वाजतात तेव्हा कारण बहुतेक एकच असतं. त्यासाठी पुट कम्पोझिट अलार्म आहे, तो अनेक अलार्मच्या स्टेटवरून पेटणारा एक अलार्म बनवतो, खालच्या अलार्मच्या ॲक्शन काढून टाकायच्या आणि वरच्या एकालाच मेसेज पाठवायला लावायचं. स्क्रिप्टमधून हे अलार्म शोधताना मात्र डिस्क्राइब अलार्म्सला अलार्म टाइप्समध्ये कम्पोझिट असं सांगावं लागतं, नाहीतर ते यादीत येतच नाहीत. एका कॉलमध्ये जास्तीत जास्त १०० अलार्म येतात, पुढची पानं आपोआप आणणारा पेजिनेटर वापरा.

म्यूट केलेल्या नोटिफिकेशनबद्दल जरा कळकळीने सांगतो. अलार्मची ॲक्शन स्टेट बदलतानाच होते. एकदा अलार्म स्टेटमध्ये गेला आणि तिथेच राहिला तर सहा तासांतही दुसरा मेसेज येणार नाही. ज्याच्याकडे ड्युटी आहे तो हार्बर लाइनच्या गर्दीत दांडा धरून उभा असेल, फोन बॅगेत असेल, तो पहिला मेसेज हुकला की संपलं. म्हणून दर अर्ध्या तासाने एक लॅम्डा चालवा, डिस्क्राइब अलार्म्सला स्टेट व्हॅल्यू अलार्म देऊन जे अजून पेटलेले आहेत त्यांची एकच यादी ग्रुपवर टाकायची, आणि कोणी उचललं नाही तर दुसऱ्याला फोन. फोन करणारं ऑन-कॉलचं टूल घेता आलं तर घ्याच. एसएनएसने (एडब्ल्यूएसची मेसेज पाठवणारी सेवा) एसएमएस पाठवणार असाल तर भारतात डीएलटी नोंदणीशिवाय (एसएमएस पाठवणाऱ्या संस्थांची सक्तीची नोंदणी) तो लोकल रूटने जात नाही, ते कागदपत्रांचं काम आधी सुरू करा. एसएनएसचा टॉपिक एन्क्रिप्ट केलाय असं तुम्ही लिहिलंय, त्याला एडब्ल्यूएसची डीफॉल्ट की लावली असेल तर क्लाउडवॉच त्यावर मेसेज टाकूच शकत नाही, स्वतःची केएमएस (एडब्ल्यूएसची एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांची सेवा) की करून तिच्या पॉलिसीत क्लाउडवॉचला परवानगी द्यावी लागते. आणि ईमेलचं सबस्क्रिप्शन समोरच्याने कन्फर्म केलंय का ते बघा, सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर अलार्म जात राहतात ही आपल्याकडच्या ऑफिसांत फार दिसणारी गोष्ट आहे.

पैशांकडे या. तुम्ही प्रत्येक मेट्रिकला सोसायटी आयडी डायमेन्शन म्हणून लावलाय. समजा सोसायट्या १००० आणि प्रत्येकीच्या चार मेट्रिक, झाल्या ४०००, पहिल्या टप्प्यात एका कस्टम मेट्रिकला महिन्याला ०.३० डॉलर धरले तर १२०० डॉलर, नुसत्या ग्राफचे, आणि त्यातले बहुतेक कोणी उघडूनही बघणार नाही. मेट्रिक डिलीट करायचा कॉलच नाहीये, आकडे थांबवले की बिल थांबतं पण जुनी १५ महिन्यांनीच जाते. सोसायटी आयडी डायमेन्शनमधून काढा आणि लॉगमध्ये ठेवा. एम्बेडेड मेट्रिक फॉरमॅट बघा, एकच जेसन लॉगमध्ये लिहायचा, त्यातले जे आकडे तुम्ही मेट्रिक म्हणून जाहीर करता त्यांचीच मेट्रिक होते आणि सोसायटी आयडी साधं फील्ड म्हणून राहतं, लॉग्स इनसाइट्समध्ये कधीही शोधता येतं. शिवाय प्रत्येक पेमेंटमागे पुट मेट्रिक डेटाचा एक कॉल करायची गरज उरत नाही. कॉल करायचेच असतील तर एकत्र करून करा, एका कॉलमध्ये १००० मेट्रिक जातात आणि व्हॅल्यूज-काउंट्स वापरले तर एका मेट्रिकचे १५० वेगवेगळे आकडे एकदम पाठवता येतात.

इव्हेंट पाठवताना तुमच्या कोडमध्ये पुट इव्हेंट्सच्या भोवती ट्राय-एक्सेप्ट आहे आणि एक्सेप्शन आलं नाही म्हणजे गेला असं धरलंय. तसं नाहीये. एका कॉलमध्ये १० एंट्री जातात, त्यातल्या दोन नाकारल्या गेल्या तरी कॉल यशस्वीच परत येतो, उत्तरातला फेल्ड एंट्री काउंट बघून त्या दोन तुम्हालाच परत पाठवाव्या लागतात. पुट टार्गेट्सचंही असंच. डीटेलमध्ये डिक्शनरी नाही, जेसनची स्ट्रिंग द्यायची. एकाही रूलशी जुळला नाही तर इव्हेंट गुपचूप नाहीसा होतो, तेव्हा पॅटर्न बदललात की टेस्ट इव्हेंट पॅटर्न या कॉलने खऱ्या इव्हेंटचा नमुना देऊन जुळतोय का बघून घ्या. रूल चालला पण लॅम्डा जागं झालं नाही असं असेल तर लॅम्डावर ॲड परमिशन राहिलंय का बघा, कन्सोलवरून रूल केला की ती परवानगी आपोआप लागते, स्क्रिप्टमधून तुम्हालाच द्यावी लागते. टार्गेटला डेड लेटर क्यू (न पोहोचलेले इव्हेंट साठवणारी रांग) लावा, नाहीतर डीफॉल्ट २४ तास प्रयत्न करून इव्हेंट टाकून दिला जातो. आणि एकच इव्हेंट दोनदा येऊ शकतो, तुमच्याकडे पैशांचा मामला आहे, पावती बनवणाऱ्या लॅम्डाने इव्हेंटचा आयडी आधी पाहिलाय का हे तपासायलाच हवं.

पुट मेट्रिक अलार्म जुना अलार्म दुरुस्त करत नाही, पूर्ण बदलून टाकतो. तुमच्या स्क्रिप्टमध्ये "फक्त थ्रेशोल्ड बदला" नावाचं जे फंक्शन आहे ते नवीन थ्रेशोल्ड आणि नाव, मेट्रिक असे सक्तीचे पॅरामीटर एवढंच पाठवतं, म्हणजे ॲक्शन आणि मिसिंग डेटाचं सेटिंग उडालं. ते फंक्शन आजच काढा. सगळ्या अलार्मचं वर्णन एका फाइलमध्ये ठेवा आणि स्क्रिप्टने दर वेळी पूर्ण अलार्म लिहायचा. खरं तर न बदलणारे अलार्म टेराफॉर्म किंवा क्लाउडफॉर्मेशनमध्ये (क्लाउडची सगळी रचना फाइलमध्ये लिहून ठेवायची साधनं) असावेत आणि बोटो३ त्यांच्यासाठी ठेवावं जे चालू असताना तयार होतात, नवीन क्यू आली की तिचा अलार्म, असे. लूपमध्ये बरेच अलार्म बनवताना थ्रॉटलिंग होतं, म्हणजे एडब्ल्यूएस जास्तीचे कॉल नाकारतं, क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये रिट्राय मोड स्टँडर्ड किंवा ॲडॅप्टिव्ह करून ठेवा.

टेस्ट करताना सेट अलार्म स्टेटने अलार्म हाताने पेटवता येतो, पुढच्या तपासणीत तो आपल्या खऱ्या स्टेटवर परत जातो. याने मेसेज पोहोचतो का एवढंच कळतं, अलार्म योग्य वेळी पेटेल का हे कळत नाही. त्यासाठी स्टेजिंगवर (चाचणीच्या सेटअपवर) शेड्युल बंद करून एक रात्र जॉब चालूच देऊ नका आणि सकाळी बघा.

जॉब बंद पडला त्या रात्रीचं नेमकं कारण अजून शोधायचं असेल तर डिस्क्राइब अलार्म हिस्टरी आत्ताच चालवून आउटपुट फाइलमध्ये घेऊन ठेवा, ती ३० दिवसांचीच मिळते. त्यात स्टेट कधी बदलली आणि त्या वेळी क्लाउडवॉचला कुठले डेटापॉइंट दिसत होते ते लिहिलेलं असतं. ते आणि शेड्युलचा रूल दोन्ही दाखवलंत तर जॉब सुरूच झाला नव्हता की सुरू होऊन मधेच मेला हे सांगता येईल, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे.